निळ्या कार्डांचे सात उंदीर

१

सात उंदीर बरे झाले होते, आणि त्यामुळे अख्ख्या संस्थेत कुणाच्या तोंडाला चव नव्हती.

सोमवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी खिडकीत बसून समोरच्या इमारतीतल्या बाईचं कपडे वाळत घालणं बघत होते. निवृत्त माणसाचे हे असले उद्योग. मला फोन येतो आठवड्यातून एखादा, तोही बहुतेक चुकून लागलेला. त्यामुळे पलीकडून "सुई, आहेस का?" असं ऐकल्यावर मी जरा सावरून बसले. मला सुई म्हणणारं माणूस आता जगात एकच उरलंय.

"आहे की. जाणार कुठे?"

"ये. माझ्या प्रयोगात कुणीतरी लबाडी केलीय."

तो संस्थेतल्या हृदय विभागाचा प्रमुख. सगळे त्याला सर म्हणतात. पशुवैद्यकीच्या पहिल्या वर्षाला आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे तो जनावरं सोडून पेशींच्या मागे लागला आणि मोठा झाला, मी जनावरांपाशीच राहिले आणि म्हातारी झाले. सहा फूट दोन इंच उंची, म्हणून माझ्या तोंडी तो अजून लंब्याच. संस्थेच्या प्राणी देखरेख समितीवर मी आहे. म्हणजे वर्षातून चारदा जायचं, सगळीकडे नाक खुपसायचं आणि सगळ्यांना नकोसं व्हायचं. हे काम मला झकास जमतं.

तासाभरात मी त्याच्या खोलीत होते. टेबलावर कागद रचून ठेवलेले, खुर्च्या तीन, पण दोन खुर्च्यांवर पुस्तकं. बायको गेल्यापासून त्याच्या घरीही असंच आहे म्हणतात. मी काही गेले नाही बघायला.

"चोवीस उंदीर," तो म्हणाला. "जन्मापासून त्यांच्या हृदयाच्या पेशींत एक संदेश सतत चालू असतो."

"मला समजेल असं सांग."

"दारावरच्या घंटीचं बटण दाबलेलंच अडकून राहावं, तसं. आतली पेशी बिचारी धावत सुटते. हृदय ताणतं, पसरतं, थकतं. पण घंटी बंद करायची सोय आहे. पाण्यातून एक औषध द्यायचं, की संदेश थांबतो. आणि सुई, चार आठवड्यांत ते हृदय पहिल्यासारखं होतं! थकून मेल्यात जमा झालेलं हृदय!"

त्याचे डोळे क्षणभर कॉलेजातले झाले. मग विझले.

बारा उंदरांच्या पिंजऱ्यांना पिवळी कार्डं होती, त्यांना औषधाचं पाणी. उरलेल्या बारांना निळी कार्डं, त्यांना साधं पाणी. पिवळे बरे व्हायला हवेत, निळे आजारी राहायला हवेत, तरच औषधानं फरक पडला असं म्हणता येतं. शुक्रवारी सगळ्यांच्या हृदयाची सोनोग्राफी झाली. पिवळे बाराही ठणठणीत. निळ्यांतले पाच आजारी, आणि सात बरे.

"साधं पाणी पिऊन?"

"तेच तर! रक्त तपासलं. सातही जणांच्या रक्तात औषध सापडलं. थोडंसं. पिवळ्यांच्या विसावा हिस्सा. औषधाच्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे असते. मुंगीकडे."

मुंगी म्हणजे त्याची विद्यार्थिनी. चणीनं एवढीशी, सतत काहीतरी उचलून नेत असते, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात. सहा वर्षं ती ह्या एका प्रयोगावर होती.

"तिनं बाटल्यांची अदलाबदल केली असणार," लंब्या म्हणाला. "चूक झाली तर सांगायची. तिनं लपवली. बुधवारी तीनला समिती बसेल. लबाडीचा शिक्का बसला, की तिला कुठलीही प्रयोगशाळा दारात उभी करणार नाही."

"तिला विचारलंस?"

"तू विचार. तुझ्या जिभेला हाड नाही, पण तू खोटं लिहिणार नाहीस."

२

औषधाची खोली जिन्याखाली होती. एक वजनकाटा, एक कपाट, एक स्टूल. मुंगी स्टूलावर बसली नव्हती, त्याच्या शेजारी उभी होती. डोळे सुजलेले.

"बस की गं. मी काही वाघ नाही."

"सर म्हणाले, कशाला हात लावायचा नाही."

"स्टूलाला लाव. मी सांगते."

ती बसली, आणि मला तिनं चोख उत्तरं दिली. औषध पिवळं असतं. कडू असतं, म्हणून त्या पाण्यात साखर घालायची. उजेडानं बिघडतं, म्हणून बाटल्यांना चंदेरी कागद गुंडाळायचा. निळ्या कार्डांच्या पाण्यातही तेवढीच साखर, त्यांनाही चंदेरी कागद, फक्त औषध नाही.

"म्हणजे बाहेरून बघून बाटली कुठली ते कळत नाही?"

"बुडावर ठिपका असतो. पिवळा, नाहीतर निळा. मी रोज बघते. रोज लिहिते."

तिनं वही पुढे केली. असली वही मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. कुठला उंदीर किती पाणी प्यायला, कुणाचं वजन किती, शनिवारी कुणाला किती वेळ हातात घेतलं. एका पानावर तर लिहिलं होतं, "आज मला शिंक आली, पिंजरा उघडा होता, मास्क होता."

"बाटल्या बदलल्या असत्या," मी मोठ्यानं विचार करत म्हटलं, "तर रक्तात औषध भरपूर असतं. विसावा हिस्सा कसा येईल?"

"सर म्हणतील, एखादाच दिवस बदलल्या."

"तसं असतं तर चार आठवड्यांत बरे झाले नसते. थोडं थोडं, पण सतत मिळायला हवं. बरं, ऊठ. तुझं औषध वजन करू."

महिन्याभरात किती आलं, किती पाण्यात गेलं, किती उरलं पाहिजे, ते वहीत होतं. तिनं माझ्या देखत डबी काट्यावर ठेवली. आकडा आणि वही, दोन्ही दशांशापर्यंत जुळले. मी पुन्हा ठेवायला लावली. पुन्हा जुळले.

"तुझ्या घरी माहीत आहे?"

"आई एकटीच आहे, दूर. रोज सहाला फोन करते. मी सांगते, सगळं छान चाललंय." ती रडायला लागली. "मॅडम, सहा वर्षांत मी तिच्याकडे चारदा गेलेय. उंदरांना सुट्टी नसते ना. आता तिला काय सांगू? की तिला सोडून राहिले ते फुकट गेलं?"

मला रडणाऱ्या माणसांपुढे काय करावं ते कळत नाही. कुत्रं असतं तर कानामागे खाजवलं असतं. मी तिच्या हातात रुमाल कोंबला आणि बाहेर पडले.

औषध सात उंदरांच्या रक्तात होतं, आणि कपाटातून कणभरही जास्त गेलेलं नव्हतं.

३

मुंगीच्या वरचा संशोधक म्हणजे पोपट. बोलायला लागला की समोरच्यानं जेवून यावं, परत येईपर्यंत हा चालूच. तो दुसऱ्या मताचा. एकदा थकलेलं हृदय पूर्ण बरं होत नाही असं त्यानं लिहून ठेवलेलं. म्हणजे मुंगीचा प्रयोग बुडाला तर ह्याचं तारू वर.

"मला कुणाचं वाईट चिंतायचं नाही मॅडम," त्यानं सुरुवात केली, आणि मी ओळखलं, आता वाईटच येणार. "पण मी स्वतः पाहिलंय. शनिवारी दुपारी ती निळ्या कार्डांच्या पिंजऱ्यांत हात घालून होती. एकेका पिंजऱ्यात. दोन-दोन मिनिटं."

"माहीत आहे. हाताची सवय व्हावी म्हणून उचलून घेते. वहीत आहे."

"वहीत काय, कुणीही काहीही लिहील."

"खरंय. तुम्हीही बरंच लिहिलंय. तुमच्याकडे प्राणीगृहाचं दार उघडायचं कार्ड आहे?"

"नाही!" तो दचकला. "मला उंदरांनी पुरळ उठतं. मी काचेतून पाहिलं." त्यानं बाही वर करून दाखवली. दोन महिन्यांपूर्वी एकदाच आत गेला होता, त्याचे डाग अजून होते. दाराच्या यंत्रातली नोंदही तेच सांगत होती. ह्या महिनाभरात आत जाणारी माणसं तीनच. मुंगी, पिंजरेवाले काका आणि सर.

काका प्राणीगृहाच्या धुण्याच्या खोलीत होते. तीस वर्षं त्यांचं आयुष्य वाफेत गेलेलं. मला बघून त्यांनी हात पुसले.

"पोरीला वाचवा बाई. तिनं काही केलेलं नाही."

"आणि तुम्ही?"

"मी? मला ते औषध गोड की तिखट तेही ठाऊक नाही!"

"पिंजरे कसे बदलता ते सांगा."

"गुरुवारी मी बदलतो. उंदीर शेपटीपाशी धरून उचलायचा, धुतलेल्या पिंजऱ्यात नवा भुसा, त्यात सोडायचा. जुना भुसा सगळा पोत्यात, पोतं भट्टीत. चिमूटभर मागे ठेवत नाही. पाहिजे तर पोती मोजा."

"आणि आठवड्यातून दुसऱ्यांदा?"

"रविवारी. पण रविवारी माझी सुट्टी. सर येतात ना स्वतः! एवढा मोठा माणूस, पण दोन वर्षं झाली, एक रविवार चुकवला नाही. मी म्हटलं, सर, कुणाला तरी ठेवा. तर म्हणाले, असू दे हो, मला तरी दुसरं काय आहे."

दोन वर्षं. त्याची बायको गेली तेव्हापासून. मी मान डोलावली आणि पायात कागदी मोजे चढवले.

"मला ते उंदीर बघू द्या," मी म्हटलं. "काचेतून नाही. जवळून."

४

खोलीत पंख्याची घरघर होती, बाकी काही नाही. मांडणीच्या वरच्या फळीवर पिवळ्या कार्डांचे चार पिंजरे, प्रत्येकात तीन उंदीर. एकमेकांच्या अंगावर पडून झोपलेले. खालच्या फळीवर निळी कार्डं. तिथे पिंजरे नऊ.

"बारा उंदरांना नऊ पिंजरे?" मी काकांना विचारलं.

"नर आहेत बाई. भांडतात. ह्यांच्यातले सात जण चावरे निघाले, त्यांना वेगळं काढलं. बाकीचे पाच गुण्यागोविंदानं राहतात. ते बघा, टोकाला. एकात दोघं, एकात तिघं."

मी मुंगीनं दिलेली यादी काढली. आजारी राहिलेले पाच कुठले? टोकाचे दोघं आणि तिघं. बरे झालेले सात? एकेकटे.

मी यादी तीनदा वाचली. औषधाला कुठून कळलं, कोण एकटा आहे ते?

मग मी माझं काम केलं. लोक उंदराकडे बघतात तेव्हा डोळे बघतात, मिशा बघतात. पन्नास वर्षं जनावरांत काढलेली बाई आधी खाली बघते. एक एकटा पिंजरा मी टेबलावर घेतला, उंदराला डब्यात ठेवलं, चिमटा घेतला आणि लेंड्या मोजायला बसले. काका तोंडाकडे बघत राहिले.

"हे पिंजरे काल बदलले ना?"

"काल चार वाजता. सर येऊन गेले."

आता दुपारचा एक. एकवीस तास. एक उंदीर दिवसाला पन्नास-साठ लेंड्या टाकतो, पोट बिघडलं तर शंभर. मी दोनशे चाळीसपर्यंत मोजल्या आणि थांबले. त्यातल्या पन्नासेक काळ्या, मऊ, ताज्या. बाकीच्या कडक, फिक्या, तीन-चार दिवसांच्या. काल चारला जो पिंजरा कोरा होता, त्यात तीन दिवसांपूर्वीच्या लेंड्या!

आणि त्यांच्यात अडकलेला कागदाचा एक कपटा. वरच्या फळीवरचे उंदीर घरट्यासाठी कागद कुरतडतात, तसला. कडेला पिवळट डाग होता, बाटलीतून थेंब पडल्यावर पडतो तसा.

मी शेजारचा पिंजरा उघडला. तेच. त्याच्या शेजारचाही. सातही पिंजऱ्यांत पाहुण्यांच्या लेंड्या. टोकाच्या दोन पिंजऱ्यांत मात्र ज्याच्या त्याच्याच.

आता हे पशुवैद्यकीच्या पहिल्या वर्षाचं पोर सांगेल, की उंदीर लेंड्या खातो. स्वतःच्या खातो, दुसऱ्याच्या मिळाल्या तर त्याही खातो. आणि ह्या औषधाचा मोठा भाग पचत नाही, तसाच बाहेर पडतो. म्हणून डबीतलं वजन जुळत होतं. औषध कपाटातून आलंच नव्हतं. ते वरच्या फळीवरच्या उंदरांच्या पोटातून आलं होतं.

मी वरच्या आणि खालच्या लेंड्या वेगवेगळ्या कुप्यांत भरल्या आणि तपासणीला पाठवल्या. त्या कुणी खाली आणल्या ते मला कळलं होतं. का आणल्या ते कळत नव्हतं, आणि माझा एकुलता एक मित्र खोटारडा निघू नये म्हणून मी देवाला साकडं घालत होते. देवावर माझा विश्वास नाही, पण अडला हरी, दुसरं काय.

५

मंगळवारी दुपारी निकाल आला. वरच्या लेंड्यांत औषध खच्चून, खालच्या सात पिंजऱ्यांतल्या जुन्या लेंड्यांतही तितकंच. मी कागद पर्समध्ये घातला आणि लंब्याला प्राणीगृहात बोलावलं.

गाऊन, टोपी, मास्क, सगळं घालून तो आला. मास्कवरचे डोळे तेवढे दिसत होते.

"मिळाला चोर?"

"आधी मला एक शिकव. रविवारी तू पिंजरे कसे बदलतोस?"

"बदलतात तसे."

"करून दाखव. मला म्हातारीला बघू दे."

तो वैतागला, पण हात कामाला लागले. हात छान होते त्याचे, हलके. एकटा उंदीर उचलून तळव्यावर घेतला, दुसऱ्या हातानं नवा पिंजरा ओढला, नवा भुसा पसरला, उंदीर आत सोडला. मग त्यानं वरच्या फळीवरच्या पिवळ्या कार्डाच्या पिंजऱ्याचं झाकण उचललं, कोपऱ्यातला मळका भुसा मूठभर घेतला, खालच्या एकट्या उंदराच्या कोपऱ्यात ठेवला, बोटानं जरासा दाबला आणि झाकण लावलं.

"झालं. पुढचा करू?"

"लंब्या, आत्ता काय केलंस?"

"काय केलं? पिंजरा बदलला."

"त्याच्यानंतर."

"त्याच्यानंतर काही नाही."

"मूठ."

त्यानं स्वतःच्या हाताकडे बघितलं. भुशाचे दोन कण अजून हातमोज्याला चिकटलेले होते.

"अगं ते..." तो म्हणाला. "ते एकटे असतात ना. उंदराला वासानं शेजार कळतो. कोऱ्या भुशात टाकलं की तो रात्रभर कोपरे हुंगत फिरतो, कुणी आहे का बघत. म्हणून शेजारचा थोडा भुसा... आजाऱ्यांचा नाही, चांगल्या, बऱ्या उंदरांचा... एवढंच. ते काही प्रयोगात धरायचं नसतं."

"बऱ्या उंदरांचा. म्हणजे औषध खाणाऱ्यांचा. तू पेशी बघतोस, मी लेंडी बघते. त्या मुठीत काय असतं रे?"

मी निकालाचा कागद पुढे धरला. त्यानं वाचला, पुन्हा वाचला आणि पिंजरे ठेवायच्या पालथ्या पेटीवर बसला. एवढा उंच माणूस एकदम घडी घातल्यासारखा झाला.

मला वाटलं, आता म्हणेल, प्रयोग बुडाला. नाव गेलं. पण त्यानं भलतंच विचारलं.

"म्हणजे ते सोबतीनं नव्हते बरे झाले?"

"काय?"

"आत्ता मूठ म्हणालीस ना, तेव्हा माझ्या डोक्यात पहिलं तेच आलं. एकटेच तेवढे बरे झाले. त्यांना वाटलं असेल, कुणीतरी आहे. म्हणून हृदय परतलं असेल." तो हसल्यासारखं करायला गेला. "शास्त्रज्ञ आहे मी. ऐकतेयस ना, काय बोलतोय ते?"

"औषधानं बरे झाले रे."

"हो. औषधानंच." त्यानं मास्क खाली ओढला, जे तिथे कुणीच करायचं नसतं. "ती गेली ना, तेव्हा तिच्या उशीचा अभ्रा मी वर्षभर धुवायला टाकला नव्हता. मग एक दिवस वास गेला. आपोआप गेला. तेव्हा मी टाकला."

दोन वर्षांत मी त्याच्या घरी गेले नव्हते. दहा मिनिटांवर राहते मी. मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मी भांडते.

"आणि त्या पोरीला फासावर चढवायला निघालास! एका शब्दानं विचारलं नाहीस!"

त्यानं हातमोज्याला चिकटलेले कण झटकले.

मग मी जे बोलले ते बोलायला नको होतं. "नियम माहीत आहे ना? नोंद न करता पिंजऱ्यात काही घातलं, तर घालणाऱ्याला वर्षभर आत पाऊल टाकता येत नाही. तुझे रविवार जातील. मी अहवालात 'भुसा मिसळला, कारण अज्ञात' असं लिहू शकते. कुणी पाहिलेलं नाही. फक्त मी."

"आणि मुंगी?"

"तिच्यावर काही सिद्ध होणार नाही."

"सुटणारही नाही. आयुष्यभर लोक म्हणतील, किल्ली तिच्याकडे होती."

"हो."

तो उठला. जाताना त्यानं नुकताच भरलेला पिंजरा पुन्हा उघडला, कोपऱ्यातली ती मूठ काढली आणि पोत्यात टाकली. उंदीर कोपरे हुंगत फिरायला लागला. लंब्या त्याच्याकडे बघत थांबला नाही.

"उद्या तीनला," तो म्हणाला. "तू काही लिहू नकोस. मी बोलतो."

६

समितीत पाच माणसं होती, सहावी मी. मुंगी भिंतीला लागून असलेल्या खुर्चीवर, वही पोटाशी धरून. आईला अजून काही सांगितलं नव्हतं तिनं.

लंब्या उभा राहून बोलला. त्याच्या दुप्पट वेळ पोपट नुसता खाकरला असता.

"निळ्या कार्डांच्या सात पिंजऱ्यांत औषध मी नेलं. हातानं, दर रविवारी, वरचा मळका भुसा घालून. नोंद केली नाही, कारण ती नोंद करण्याजोगी गोष्ट आहे असं मला वाटलंच नाही. मुलीची वही बरोबर आहे. तिचा दशांशही चुकलेला नाही. चूक माझी, आणि आरोपही मी केला."

"पण भुसा का घातला सर?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"ते एकटे होते म्हणून."

बाईंनी पेन उचललं आणि ते कागदावर टेकवून तशाच बसून राहिल्या. हे कुठल्या रकान्यात लिहायचं, तेच त्यांना कळेना. शेवटी त्यांनी लिहिलं की नाही, मला दिसलं नाही.

निर्णय दहा मिनिटांत झाला. मुंगी निर्दोष. नवे उंदीर घेऊन प्रयोग पुन्हा, आणि तिच्याच हाताखाली. विभागप्रमुखांना वर्षभर प्राणीगृहात प्रवेश नाही.

बाहेर लांबलचक बोळात लंब्या तिच्यासमोर उभा राहिला. मी मागे राहिले, पण कान पुढे होते.

"मुंगी, चुकलो मी."

मला वाटलं, पोर म्हणेल, असू द्या सर. तिनं नाही म्हटलं, आणि मला ती तेव्हाच आवडली.

"सर, सहा वर्षं मी रोज तुमच्यासमोर होते. एकदा विचारायचं होतं. तू केलंस का, एवढंच."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"आणि मी लगेच विश्वास ठेवला असता. माझ्या माणसाची बाजू घेतोय असं मलाच वाटलं असतं. म्हणून नाही विचारलं."

"हे मला शुक्रवारी सांगितलं असतंत, तर मी चार दिवस जेवले असते," ती म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "रविवारचे पिंजरे मी करीन. काकांना सांगते." आणि ती फोन घेऊन जिन्याकडे गेली. सहा वाजायचे होते अजून. पण "आई" एवढं ऐकू आलं, आणि मग बराच वेळ नुसतं रडणं.

लंब्या बोळात हात मोकळे सोडून उभा होता. कामाशिवाय त्या हातांना कुठे ठेवायचं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

"रविवारी काय करू गं आता?"

"माझ्याकडे ये. चारला."

"बघतो," तो म्हणाला.

रविवारी मी चारपासून दाराकडे कान लावून बसले. साडेचार झाले. पाच झाले. सव्वापाचला माझं डोकं फिरलं. चपला घातल्या आणि तणतणत त्याच्या घरी गेले, मनात शिव्यांची उजळणी करत. घंटी वाजवली, तोच दार उघडलं. दाराच्या मागेच उभा होता. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात किल्ल्या.

"निघतच होतो," तो म्हणाला.

"कधीपासून?"

त्यानं घड्याळात बघितलं. खोटं बोलायचा विचार केला असावा, पण जमलं नाही. "तीनपासून."

"लंब्या, दहा मिनिटांवर आहे रे माझं घर!"

"माहीत आहे. पण गेलं की परत निघावं लागतं ना. त्या विचारानं पाय उचलेना."

त्याच्या हातातून किल्ल्या घेतल्या, आत गेले, चपला काढल्या आणि चहाची पावडर कुठे ठेवतोस ते विचारलं.